पडद्यावर वितळलेली गाठ

त्या बंद पडलेल्या सिनेमागृहाला इतकी गर्दी ते चालू असतानाही कधी झाली नव्हती. तिकीट खिडकीपाशी रांग, त्या रांगेला खेटून दुसरी रांग, आणि दोन्हींमधून वाट काढत फिरणारे पिवळ्या सदऱ्यातले स्वयंसेवक. "उपाशी आहात ना? पाणीसुद्धा नाही ना घेतलं?" एवढं एकच ते विचारत होते. ज्याने प्रामाणिकपणे सांगितलं की सकाळी घोटभर चहा झाला, त्याला उद्या यायला सांगत. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी विचारलं, "पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?" आजोबांनी सदरा वर करून बरगडीखालचा जुना व्रण दाखवला. "तुमचा मार्ग वेगळा आहे, आजोबा. घरी बसून प्रार्थना करा," म्हणून त्यांची बोळवण झाली. बिचारे पुन्हा पुन्हा मागे वळून बघत गेले.

"बघ, सगळ्यांना घेत नाहीत," दादा माझ्या कानाशी म्हणाला. "भोंदू असता तर आला त्याला घेतलं असतं."

दादा माझा थोरला भाऊ. जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देण्याचं त्याचं दुकान आहे. पंपाच्या, पंख्याच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी त्याच्या टेबलावर येतात, काळ्याठिक्कर येतात आणि घुमत परत जातात. आयुष्यभर त्याने कुठल्या ज्योतिषाला हात दाखवला नाही, की दाराला लिंबू बांधलं नाही. घरात कुणी तसलं काही बोललं की पहिला हसणारा तोच. "दाखव, मग मानतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो माणूस आता आत तिसऱ्या रांगेत जागा धरून बसला होता, आणि त्याच्या पलीकडे वहिनी पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

माझं काम सोनोग्राफीचं. मी डॉक्टर आहे, आणि गेले काही महिने एक नवी पद्धत शिकायला दुसऱ्या शहरात होते. मी जायच्या थोडं आधी दादाच्या लिव्हरमध्ये गाठ दिसली होती. आमच्याच हॉस्पिटलात सुईने तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला: कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत, फक्त मृत भाग आढळला, पुन्हा तुकडा घेऊन खात्री करावी. पहिलं वाक्य घरात सगळ्यांनी वाचलं. शेवटचं मी एकटीने वाचलं असावं. मी फोनवर मागे लागायचे, "दादा, परत सुई घेऊ." त्याचं उत्तर ठरलेलं: "दुसरीकडे दाखवलंय. गाठ विरघळली. डोळ्यांनी बघितली." मला वाटलं, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल. परत आले, रिपोर्ट मागितला, तेव्हा म्हणाला, "रिपोर्ट कसला? चल, तुला दाखवतोच." आणि इथे घेऊन आला.

दिवे मंद झाले. पडद्यासमोरच्या मंचावर एक बाक, त्याच्या शेजारी चाकांवरचं जुनाट सोनोग्राफी मशीन. असलं मशीन आमच्याकडे असतं तर आम्ही ते भंगारात दिलं असतं. पण त्याची तार एका प्रोजेक्टरला जोडली होती, आणि त्यामुळे पोटातलं चित्र थेट सिनेमाच्या पडद्यावर, दोन मजली घराएवढं दिसायचं. म्हणून लोक त्या माणसाला पडदेवाले म्हणत. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कानामागून तोंडापाशी आलेला छोटा माईक. एखाद्या वॉशिंग मशीनच्या विक्रेत्यासारखा तो टवटवीत दिसत होता.

"तुम्ही दवाखान्यात जाता," त्याने सुरुवात केली. "आडवं करतात. पोटावर गारगार चिकट काहीतरी फासतात. आणि पडदा कुणाकडे असतो?"

"डॉक्टरकडे!" लोक ओरडले. पाठ होतं त्यांना.

"पोट तुमचं, गाठ तुमची, घाबरायचं तुम्ही, आणि बघणार कोण? डॉक्टर! मी म्हणतो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पडदा लोकांकडे वळवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकीचं काहीही असो, हे मात्र तो खरं बोलत होता. आमचा पडदा आमच्याकडेच असतो. पेशंट उगाच घाबरतो म्हणून आम्ही तो वळवून ठेवतो, आणि याने त्या वळवलेल्या पडद्याच्या मागे दुकान थाटलं होतं.

"गाठ म्हणजे काय हो? गाठ म्हणजे रुसलेलं मांस! रुसलेल्याला कुणी सुया टोचतं का? कापतं का? जाळतं का? रुसलेल्याची समजूत काढायची असते! मी समजूत काढतो. बस्स!"

एका हडकुळ्या बाईंना मंचावर आणलं. बेकरीत पाव भाजायचं काम करतात, पोटात दुखतं, लिव्हरला गाठ सांगितली आहे, असं स्वयंसेवकाने सांगितलं. पडदेवाल्याने त्यांच्या उजव्या बरगडीखाली प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा दांडा, टेकवला आणि पडद्यावर करड्या धुक्यात एक काळाभोर, गुळगुळीत, पेरूएवढा गोळा उगवला. पेरू कसला, त्या पडद्यावर तो बैलगाडीच्या चाकाएवढा होता. सभागृहात एकच हाय उमटली. बाई मान वाकडी करून स्वतःची गाठ बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग त्यांना एक मोठा पेला दिला. कोमट दुधात ओंजळभर वितळवलेलं लोणी, आणि त्याचं नाव तेजोदूध. बाईंनी नाक मुरडत ते संपवलं. त्यानंतर पाऊण तास सगळं सभागृह एका तालात म्हणत राहिलं, "वितळ, वितळ, वितळ." माझ्या मागची मुलगी इतकी मनापासून म्हणत होती की तिचा आवाज बसला. पाऊण तासाने पुन्हा प्रोब टेकवला. काळा गोळा गेला होता. त्या जागी शेंगेसारखी एक बारीक चपटी रेघ उरली होती.

लोक उभे राहिले. कुणी रडत होतं, कुणी शेजारच्याला मिठी मारत होतं. आणि मला हसू फुटलं.

कारण ती गाठ नव्हतीच. ती पित्ताची पिशवी होती. लिव्हरच्या खाली चिकटून असते, तुम्हाला आहे, मला आहे, मंचावरच्या त्या पांढऱ्या शर्टालाही आहे. उपाशी माणसात ती पित्ताने टम्म भरलेली असते आणि सोनोग्राफीत काळी गोल दिसते. पोटात लोणी-दूध गेलं की ते पचवायला ती आकसते, पित्त आतड्यात पिळून टाकते आणि बारीक होऊन बसते. म्हणून चहाचा घोट घेतलेल्याला उद्या बोलवायचं. म्हणून ऑपरेशनचा व्रण असलेल्या आजोबांना परत पाठवायचं. त्यांची पिशवी काढली असली तर दाखवायला गाठच नाही. सोनोग्राफी शिकणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

हसता हसता मी दादाकडे पाहिलं. तो रुमालाने डोळे टिपत होता. "माझी पण अशीच गेली, छोटे," तो म्हणाला. "अगदी अशीच."

माझं हसू तिथेच थिजलं. याची पित्ताची पिशवी आकसली होती, आणि खरी गाठ जिथे होती तिथेच होती. तिच्याकडे इतके महिने कुणी बघितलं नव्हतं.

मी उभी राहिले. खणखणीत आवाजात म्हणाले, "ही गाठ नाही. ही पित्ताची पिशवी आहे. प्रत्येकाला असते. पटत नसेल तर त्यांनी स्वतःच्या पोटावर मशीन लावून दाखवावं."

पडदेवाला अजिबात गडबडला नाही. त्याने मायेने माझ्याकडे पाहिलं.

"ताई शिकलेल्या दिसतात," तो म्हणाला. "शिकलेल्या माणसांची एक अडचण असते. त्यांची गाठ पोटात नसते, डोक्यात असते. आणि डोक्यापर्यंत माझं दूध पोचत नाही!"

सभागृह खदाखदा हसलं. मी अजून बोलत होते, पण माझ्याकडे माईक नव्हता. तेवढ्यात बेकरीवाल्या बाईच बाकावर उठून बसल्या. ओठांवर लोण्याची मिशी तशीच होती. "बाई," त्या मला म्हणाल्या, "माझं बरं झालं, तर तुमचं काय जातं हो?"

त्यांच्या लिव्हरमध्ये खरोखरच काही असेल तर ते तसंच वाढत राहणार होतं, आणि हे मी त्यांना त्या आनंदात सांगू शकत नव्हते. दादा उठला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. तो एका पंपाची मोटार उघडून बसला होता. मला बघून म्हणाला, "चारचौघांत अब्रू काढलीस."

"तुझी नाही, त्याची काढत होते. जमलं नाही ते सोड."

"तुझ्याच हॉस्पिटलचा कागद आहे, कॅन्सर नाही म्हणून. तेही खोटं?"

"खोटं नाही. अपुरं आहे. दादा, तुझ्या समोर ही मोटार आहे. तिचं वाइंडिंग मधोमध जळून राख झालंय. मी त्यातली चिमूटभर राख तुला आणून दिली आणि विचारलं, आतली तार कसली होती, तर सांगशील?"

"राखेवरून काय सांगणार? कडेची चांगली तार पाहिजे."

"तेच झालं. तुझी गाठ मोठी आहे. मोठ्या गाठीचा मधला भाग रक्त न मिळाल्याने मरतो. साध्या सोनोग्राफीत सगळं करडंच दिसतं, जिवंत कुठला आणि मेलेला कुठला ते कळत नाही. सुई गेली मध्यावर. आणली राख."

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पटत होतं, पण पटवून घ्यायचं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. एकीकडे एक माणूस दोन मजली पडद्यावर गाठ गेलेली दाखवतो, आणि दुसरीकडे बहीण सांगते की ती आहे आणि कदाचित वाईट आहे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर मी ती काडीच हिसकावून घेत होते.

"मी बघितलंय ना, छोटे," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐकलेलं नाही. या डोळ्यांनी बघितलंय."

इतका वेळ दुकानाच्या दाराशी उभी असलेली वहिनी पुढे आली. वहिनी कमी बोलते, पण बोलली की तो विषय संपतो.

"वन्सं, मला काही आजार आहे का?"

"नाही, वहिनी. मागेच तर सगळ्या तपासण्या झाल्या."

"मग उद्या सकाळी मी उपाशी येते. माझं पोट बघा. माझ्या पोटातही तशी गाठ दिसली तर ह्यांना कळेल. आणि नाही दिसली तर तुम्ही पुन्हा ह्यांच्या मागे लागायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. सकाळी दादा तिच्याबरोबर आला.

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत मी पडदा भिंतीकडून ओढून पूर्ण वळवला आणि दादाला समोर खुर्ची दिली. वहिनीच्या बरगडीखाली प्रोब ठेवला. काळा, गुळगुळीत, पेरूएवढा गोळा.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. सगळं माहीत असूनही तिचा हात छातीवर गेला.

दादा खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लागेल इतका जवळ आला. "हीच. अशीच होती."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं लोण्याचं पाकीट त्याच्या समोर फोडलं, दुधात घातलं आणि वहिनीला दिलं. कुणी प्रार्थना केली नाही. वहिनी पाऊण तास बाहेरच्या बाकावर बसून कुरकुरत होती की असलं ओशट दूध पाजून तो माणूस बायकांना बरं कुठला करणार, उलट आजारीच पाडेल. मी दरम्यान दोन पेशंट तपासले. पुन्हा प्रोब ठेवला. शेंगेसारखी चपटी रेघ.

दादा बराच वेळ रेघेकडे बघत राहिला. चांगला कारागीर दुसऱ्याचं चुकलेलं काम बघतो तसा बघत होता. मग म्हणाला, "उद्या उपाशीपोटी बघितलं तर परत मोठी दिसेल?"

"रोज सकाळी."

"हरामखोर," तो म्हणाला. खुर्चीवर बसत त्याने विचारलं, "मग माझी?"

मी जी पद्धत शिकून आले होते ती दादावर पहिल्यांदा वापरावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. सख्ख्या भावाला सुई मी लावणार नव्हते. ते काम आमच्या विभागाच्या वरिष्ठ सरांनी केलं. प्रोब मात्र माझ्या हातात होता. पडदा मी दादाकडेच वळवून ठेवला. तसं त्याने मागितलंच होतं.

"आधी साधं बघ," मी म्हणाले. पडद्यावर करडं लिव्हर, त्यात किंचित वेगळी करडी छटा. "ही तुझी गाठ."

"यात काय दिसतंय? धुकं आहे सगळं."

"म्हणूनच चुकलं. आता तुझ्या हाताच्या शिरेतून एक औषध देतोय. त्यात बुडबुडे असतात, रक्तपेशीपेक्षा लहान. जिथे रक्त जातं तिथेच जातात आणि या मशीनला चमकताना दिसतात. जिवंत भागात रक्त जातं, मेलेल्यात जात नाही. थोड्या वेळाने श्वासातून निघूनही जातात."

सरांनी इंजेक्शन दिलं. पडद्याच्या अर्ध्या भागात साधं चित्र होतं, आणि जिथे फक्त बुडबुडे दिसणार तो अर्धा भाग काळा होता. काही सेकंद काहीच झालं नाही. मग बाकीचं लिव्हर अंधारातच असताना गाठीच्या एका कडेला चंद्रकोरीसारखा उजेड पेटला. गाठीचा मधला भाग मात्र काळाच राहिला. हळूहळू सगळं लिव्हर उजळलं, आणि ती कोर उलट मंद होत गेली. आधी घाईने पेटणं आणि मग आधी विझणं, याचा अर्थ सर आणि मी दोघंही ओळखून होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"मागची सुई इथे," सरांनी काळ्या भागावर बोट ठेवलं. "आता ही इथे जाईल." बोट कोरीवर आलं.

"म्हणजे मागच्या वेळी तुम्ही मेलेल्याची साक्ष घेतलीत," दादा आडव्यानेच म्हणाला. सर हसले. मलाही हसायला हवं होतं.

पण मी दुसरीकडे बघत होते. त्या कोरीच्या टोकापासून एक उजेडाची बारीक वाट निघून लिव्हरच्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली होती. वाहिनीत नुसती रक्ताची गुठळी असती तर ती काळी राहिली असती. ही पेटली होती. म्हणजे ती जिवंत होती, म्हणजे गाठच वाहिनीतून पुढे सरकली होती. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत ती वाहिनी स्वच्छ होती. ते चित्र माझ्या चांगलं लक्षात होतं.

आणि पडदा मी स्वतः दादाकडे वळवून ठेवला होता.

"छोटे," तो म्हणाला, "तो उजेड तिकडे कुठे चाललाय?"

मी प्रोब तिथेच धरून ठेवला. सर म्हणाले, "आधी सुई घेऊ या. मग सगळं नीट सांगतो." त्यांनी सुई बरोबर त्या कोरीत नेली. पहिल्याच खेपेला भरीव, जिवंत तुकडा मिळाला. काम इतकं सुबक झालं की मला रडू आलं.

निकाल लपवण्यात अर्थ नव्हता. कॅन्सर होता. वाहिनीत शिरल्यामुळे ऑपरेशन करून काढता येणार नव्हता. गोळ्या होत्या, त्यांनी वाढ मंदावते. किती, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात दादा म्हणाला, "मला सिनेमाला जायचंय." मी नको म्हटलं, वहिनीने नको म्हटलं, पण तो ऐकणारा नव्हता. आम्ही तिघं गेलो. गर्दी तेवढीच, रांगा तशाच. पडदेवाल्याने "रुसलेलं मांस" म्हणताच दादा उभा राहिला. आधीच अशक्त झाला होता, पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन उभा राहिला.

"माझी गाठ तुम्ही वितळवली होती," तो म्हणाला. "मी इथेच रडलो होतो. ती गाठ नव्हती. माझ्या बायकोलाही तशीच आहे, तिला आजार नाही. दुकानातलं लोणी पिऊन तिचीही वितळते. या सगळ्यांना आहे. एक निरोगी माणूस बाकावर झोपवा आणि दाखवा."

सभागृह थोडं चुळबुळलं. एक-दोघांनी माना डोलावल्या, मी पाहिलं. माझ्या मनात आशा आली, खोटं कशाला बोलू.

"दादासाहेब," पडदेवाला अगदी हळुवारपणे म्हणाला, "तुमची गाठ परत आली का?"

दादाला खोटं बोलता आलं नाही. "कधी गेलीच नव्हती. कॅन्सर निघाला."

"पाहिलंत?" तो लोकांकडे वळला. त्याच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं, किंवा त्याला ते उत्तम जमत होतं. "आमच्याकडे होते तोवर आनंदात होते. डॉक्टरांकडे गेले, सुया टोचून घेतल्या, गाठ पुन्हा रुसली. मी काय करू?"

मघाशी माना डोलावणारे आता हळहळत दादाकडे बघत होते. एक बाई कळवळून म्हणाली, "भाऊ, बसा तुम्ही. पुन्हा दूध घ्या. अजून वेळ गेलेली नाही." तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती, निखळ दया होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. आपल्याला कसं हरवलं हे दादाच्या लक्षात आलं, आणि तो खाली बसला. वहिनीने त्याचा हात धरला. आमच्या भोवती "वितळ, वितळ" सुरू झालं.

मी तक्रार केली. मशीन जप्त झालं. काही दिवस सिनेमागृह बंद होतं. आता पडदेवाला दुसऱ्या शहरात आहे असं ऐकते, आणि तिथलं सभागृह म्हणे इथल्यापेक्षा मोठं आहे. बेकरीवाल्या बाईंना मी खूप शोधलं. त्यांनी बेकरी सोडली होती आणि कुठे गेल्या ते कुणाला माहीत नव्हतं.

परवा संध्याकाळी दादा दुकानात बसला होता. आता काम कारागीर करतात, तो नुसता बसतो. मी शेजारी जाऊन बसले. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "मी तेव्हाच परत सुई घेतली असती, तर काढता आली असती का?"

मी डॉक्टर आहे. असल्या प्रश्नांना "सांगता येत नाही" असं म्हणायची आम्हाला सवय असते. पण त्याला आयुष्यभर दाखवल्याशिवाय काही चाललं नाही, आणि मला त्या स्वच्छ वाहिनीचं चित्र दिसत होतं.

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "हे लिही. माझं नाव घालू नकोस, पण लिही. नुसतं भोंदू म्हणून शिव्या देऊ नकोस, लोक वाचणार नाहीत. काय करायचं ते सांग."

म्हणून सांगते. डोळ्यांनी बघितलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जे बघितलं ते काय आहे, हे विचारा. जो आजाऱ्याची गाठ दाखवतो त्याला म्हणा, आधी निरोगी माणसाचं पोट दाखव. जो वितळवून दाखवतो त्याला म्हणा, मंत्र न म्हणता दाखव, आणि उद्या सकाळी पुन्हा दाखव. तो चिडला, हसला किंवा तुमच्यावर दया दाखवू लागला तर तिथून निघा. आणि आमच्यासारख्यांनाही सोडू नका. पडदा वळवायला सांगा. सुईचा निकाल "काही आढळलं नाही" असा आला तर डॉक्टरला विचारा, सुई नेमकी कुठे गेली होती, जिवंत भागात की मेलेल्या? कागदाची शेवटची ओळ त्यांच्याकडून वाचून घ्या. समजेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.

आमचा दादा पहिलं वाक्य ऐकूनच उठला होता.